स्क्रीनवरची पहिली ओळ

आपल्या आयटीवाल्यांच्या तोंडी दिवसातून दहादा येणारा शब्द म्हणजे 'क्लायंट'. त्याला काय हवंय, कधी हवंय, त्याने सही केली का... सगळं त्याच्याभोवती फिरतं. पण हा क्लायंट नक्की कोण? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही बरं का. याचं माझं आवडतं उदाहरण म्हणजे 'सेबर', अमेरिकन एअरलाइन्सची रिझर्व्हेशन सिस्टीम.

1953 साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात दोन स्मिथ शेजारी बसले. एक सी. आर. स्मिथ, अमेरिकन एअरलाइन्सचे प्रेसिडेंट. दुसरे आर. ब्लेअर स्मिथ, आयबीएमचे सेल्समन. आडनावावरून गप्पा सुरू झाल्या आणि गाडी रिझर्व्हेशनच्या डोकेदुखीवर आली.

डोकेदुखी होतीच तशी. कंपनीकडे 1946 पासून 'रिझर्व्हायझर' नावाचं यंत्र होतं. विमानात जागा शिल्लक आहे की नाही ते यंत्र सांगायचं, पण त्या जागेवर कोण बसणार याचा त्याला पत्ता नसायचा. प्रवाशाची माहिती वेगळी, कार्डांवर, हाताने लिहिलेली. एक बुकिंग पुरं व्हायला सरासरी दीड तास लागे!

आयबीएमला आणखी वेगवान यंत्र गळ्यात मारता आलं असतं. तसं झालं नाही. अभ्यासात वर्षं गेली, आणि सेबरची घोषणा झाली ती थेट 1959 मध्ये. अमेरिकन हवाई दलाच्या 'सेज' या रडार यंत्रणेचा अनुभव आयबीएमच्या गाठीशी होताच. बुकिंग क्लार्कचं काम नीट पाहिलं की खरी गरज दिसते : जागा आणि प्रवासी यांची नोंद एकाच ठिकाणी हवी. आज आपल्या तिकिटावर जो पीएनआर असतो ना, त्याचं मूळ इथे आहे.

न्यूयॉर्कजवळ ब्रायरक्लिफ मॅनरला दोन आयबीएम 7090 बसवले. एक कामाला, दुसरा पहिला बंद पडला तर हजर. 1964 पर्यंत कंपनीचं सगळं जाळं सेबरवर आलं. दीड तासाचं काम काही सेकंदांवर. क्लायंट खूश, व्हेंडर खूश.

गोष्ट इथे संपली असती तर ती नुसती सक्सेस स्टोरी झाली असती. पण 1976 मध्ये सेबरचे टर्मिनल ट्रॅव्हल एजंटांच्या टेबलावर गेले. म्हणजे आता अमेरिकन एअरलाइन्स स्वतःच व्हेंडर झाली! एजंटाची अपेक्षा साधी होती : सगळ्या कंपन्यांची विमानं एकाच स्क्रीनवर दिसावीत आणि गिऱ्हाइकाला सोयीचं पटकन सापडावं. 1978 मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरची सरकारी बंधनं उठायला लागली, तशी ही गरज आणखी वाढली.

विमानं दिसत होती. पण वरच्या ओळींत मालकाची, बाकीच्यांची खाली. फोनवर गिऱ्हाईक ताटकळत असताना चौथ्या स्क्रीनपर्यंत कोण जातो? युनायटेडच्या 'अपोलो'मध्येही हाच प्रकार. शेवटी 1984 मध्ये सिव्हिल एअरोनॉटिक्स बोर्डाने नियम केला, की कंपनी कुठली हे बघून विमानांचा क्रम लावायचा नाही.

गंमत बघा, कोडमध्ये बग नव्हता. सिस्टीम वेगवान होती, एजंट रोज वापरत होते. कुठल्याही रिपोर्टमध्ये सगळं हिरवंच दिसलं असतं. फक्त स्क्रीनसमोर बसणाऱ्याचं आणि स्क्रीनच्या मालकाचं हित वेगळं झालं होतं. 1953 मध्ये क्लार्क आणि पगार देणारी कंपनी एकाच बाजूला होते, म्हणून नुसतं नीट ऐकून काम भागलं. 1976 नंतर कोणाचं ऐकायचं हाच प्रश्न होता.

आपल्या रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये सही करणाऱ्याचं नाव पहिल्याच पानावर असतं. रोज ती स्क्रीन उघडणारा पर्चेस ऑफिसर, डीलर, गोडाऊनमधला माणूस मात्र 'युजर' या एका शब्दात गुंडाळला जातो. पुढच्या किक-ऑफ मीटिंगमध्ये एवढंच विचारून बघा : या दोघांना पहिल्या ओळीत एकच गोष्ट दिसायला हवी आहे का?

उत्तर 'नाही' आलं, तर खरं काम तिथून सुरू होतं.