दीनाची शाळा आणि आपला मोबाईल

प्रभादेवीकरांनो, ही गोष्ट आपल्या शेजारच्या शिवडीची. वकील दाम्पत्याच्या दीना या बौद्धिक दिव्यांग मुलीला कुठली शाळा घेईना. मग १९४४ साली आईबापांनीच शाळा काढली. तीच आजची जय वकील!

तिथल्या अनुभवातून तयार झालेला 'दिशा' अभ्यासक्रम आता राज्यभरातल्या विशेष शाळांत पोचलाय, ऑनलाईनही आहे. एनसीईआरटीच्या 'प्रशस्त' ॲपवर शिक्षकांना मुलांमधली लक्षणं टिपता येतात. पण ॲप म्हणजे निदान नव्हे. त्यासाठी तज्ज्ञच लागतो.

२०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं आहेत. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेव्हा पोराला 'ढ' म्हणण्याआधी शाळेत जाऊन विचारा, विशेष शिक्षक आहेत का? समुपदेशक कधी येतात?