इलाख्यांची टोपणनावे : एक व्युत्पत्तिविचार

ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीत मुंबई, मद्रास व बंगाल या तीन इलाख्यांतील इंग्रज नोकरवर्गाने परस्परांस थट्टेने काही नावे ठेविली होती. यूल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात ती नोंदलेली आहेत. मुंबईचा तो 'डक', मद्रासचा तो 'मल' व बंगालचा तो 'क्वी-हाय'. छावणीतील विनोदापलीकडे या नावांस काही अर्थ आहे काय, हे त्यांच्या मुळाशी गेल्यावाचून कळणार नाही.

'क्वी-हाय' म्हणजे 'कोई है?' ही चाकरास मारावयाची हिंदुस्थानी हाक. बंगालमधील साहेबाची ओळख तो बोलावीत असलेल्या चाकरावरून ठरली. १८१६ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सचित्र उपहासकाव्याच्या नायकासही हेच नाव मिळाले. 'मल' हा 'मलिगाटॉनी'चा संक्षेप. त्याच्या मुळाशी मिरी व पाणी या अर्थांचे दोन तमिळ शब्द आहेत.

'डक' या नावाचा संबंध कोशकार 'बाँबे डक'शी, म्हणजे सुक्या बोंबलाशी, जोडतात. मराठी 'बोंबील' इंग्रजांच्या तोंडी फार पूर्वीच रुळला होता. सतराव्या शतकात मुंबईस आलेल्या डॉ. जॉन फ्रायर याने माझगावच्या वर्णनात हा मासा तेथील गरिबांचे अन्न म्हणून नोंदला आहे. 'बाँबे डक'विषयी एक कथा लोकप्रिय आहे : सुक्या बोंबलांचा वास मुंबईच्या डाकगाडीस येई, म्हणून 'डाक'चे 'डक' झाले. कथा चटकदार आहे, परंतु कालक्रमापुढे ती टिकत नाही. मुंबईहून पहिली आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेले एल्फिन्स्टन यांच्या १८०३ मधील लिखाणात मात्र मुंबईच्या फौजेस 'डक' म्हटलेले आढळते. अर्थात नाव रेल्वेहून निदान पन्नास वर्षांनी जुने आहे.

कलकत्त्याच्या गोऱ्या रहिवाशांस 'डिचर', म्हणजे खंदकवाले, असेही म्हणत. त्याचे कारण मराठ्यांच्या इतिहासात आहे. १७४२ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालमध्ये शिरल्या, तेव्हा नगररक्षणार्थ सुमारे सात मैलांचा 'मराठा खंदक' योजण्यात आला. तो पुरा झाला नाही, व मराठेही कलकत्त्यावर चालून गेले नाहीत. १७९९ मध्ये रस्त्यासाठी त्याचा मोठा भाग बुजविण्यात आला. भय सरले, खंदक बुजला. टोपणनाव तेवढे उरले.

चाकरास मारलेली हाक, मिरपाणी, कोळ्यांचा मासा व मराठ्यांचे भय : राज्यकर्त्यांच्या या नावांचे सारे द्रव्य एतद्देशीय आहे. मात्र नाव ठेवणारा व ज्यास ठेवले तो, दोघेही एकाच सत्तेचे वाटेकरी. म्हणून त्यातील थट्टा परतफेडीची होती. त्याच मुंबईत घाटावरून आलेल्या कष्टकऱ्यांस 'घाटी' म्हटले गेले. त्या शब्दाचे मूळ निव्वळ भौगोलिक असूनही तो बोचतो, कारण तेथे परतफेडीस वाव नव्हता. टोपणनावाची व्युत्पत्ती सांगताना शब्दाचे मूळ व त्याचा काळ यांबरोबर ते कोणी कोणास ठेविले हेही पाहिले पाहिजे. एरवी अभ्यासकाच्या हाती डाकगाडीसारखी कथाच राहावयाची.