शब्दवेध : पॅटर्न

गंगापूर रोडवर चहा घेता घेता दोन प्रोग्रॅमर वाद घालत होते: बटण दाबल्याची खबर विंडोच्या बाकीच्या भागांना कशी द्यायची? उत्तर निघालं, ‘ऑब्झर्व्हर पॅटर्न’. ज्यांनी नाव नोंदवलंय त्या सगळ्यांना, घटना घडताच, कळवायचं.

या ‘पॅटर्न’चं मूळ लॅटिन ‘पात्रोनुस’, म्हणजे पालक, आश्रयदाता. त्याच्याही मुळाशी ‘पातेर’, आपल्या ‘पितृ’चा सख्खा भाऊ! वडीलधाऱ्याचं अनुकरण करायचं, म्हणून पुढे अर्थ झाला नमुना. वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांनी १९७७मध्ये तो घरं-गावांच्या रचनेला लावला. १९९४मध्ये चार लेखकांनी सॉफ्टवेअरचे २३ नमुने पुस्तकात मांडले. मराठी घरांत मात्र हा शब्द रुजवला तो ‘लातूर पॅटर्न’ने, आणि तोही गिरवण्याजोगा नमुना याच अर्थाने.