अहिल्यानगर जिल्ह्यातील फुलपाखरू निरीक्षण स्थळे

अहिल्यानगर (पूर्वीचे नाव अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ सुमारे १७,०४८ चौ.कि.मी. आहे. पश्चिमेकडील अकोले तालुक्याचा सह्याद्रीचा भाग अतिवृष्टीचा, तर पूर्व व दक्षिणेकडील तालुके पर्जन्यछायेतील आहेत. त्यामुळे सदाहरित व पानझडी वनांतील तसेच कोरड्या माळरानावरील अशी दोन्ही प्रकारची फुलपाखरे या एकाच जिल्ह्यात पाहता येतात. त्यांच्या निरीक्षणासाठी अभयारण्येच गाठावी लागतात असे नाही. ओढ्याचे काठ, शेताचे बांध, पाणंद रस्ते आणि देवस्थानांभोवतीची झाडी ही ग्रामीण भागातील उत्तम स्थळे होत.

स्थळ ओळखण्याची पद्धत

फुलपाखरू कोठे सापडेल हे बहुतांशी त्याच्या सुरवंटाच्या खाद्यवनस्पतीवरून ठरते. मादी ठरावीक वनस्पतींवरच अंडी घालते. म्हणून फुलपाखरू शोधण्याआधी झाड शोधणे अधिक उपयोगाचे ठरते. रस्त्याकडेच्या रुईवर प्लेन टायगरचे काळे-पिवळे-पांढरे पट्टे असलेले सुरवंट दिसतात. रुईतील विषारी द्रव्ये त्यांच्या शरीरात साठत असल्याने पक्षी हे फुलपाखरू टाळतात. डॅनेड एगफ्लाय या बिनविषारी जातीची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसून याच संरक्षणाचा लाभ घेते. तिचे सुरवंट शेतातल्या घोळीच्या भाजीवर वाढतात.

परसातील कढीपत्ता व लिंबावर कॉमन मॉरमॉन आणि लाइम, एरंडावर कॉमन कॅस्टर, बहाव्यावर कॉमन इमिग्रंट, तर बाभळीवर बाभूळ ब्लू या जाती वाढतात. आंब्यावर बांडगूळ माजलेले असेल तर तेथे हळदीकुंकू (कॉमन जेझबेल) शोधावे. काळ्या जमिनीतील पडीक शेतात उगवणारी किडामारी ही क्रिमझन रोज या देखण्या जातीची खाद्यवनस्पती आहे, मात्र तण म्हणून तीच प्रथम उपटली जाते.

खाद्यवनस्पतींखेरीज मधुरसाची फुले व ओली माती यांचाही उपयोग होतो. घाणेरी (टणटणी) ही मूळची परदेशी, उपद्रवी वनस्पती असली तरी तिच्या फुलांवर अनेक जाती एकत्र दिसतात. ओढ्याकाठच्या ओलसर मातीतील क्षार शोषण्यासाठी नर फुलपाखरे थव्याने बसतात. यास चिखलपान म्हणतात. घागरी व भुरुंडी या वनस्पतींवर टायगर गटातील नर रासायनिक द्रव्ये मिळवण्यासाठी येतात. काही जातींचे नर टेकडीच्या माथ्यावर जागा धरून माद्यांची वाट पाहत असल्याने उघडे माथेही दुर्लक्षित करू नयेत.

पश्चिम भाग

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य हे जिल्ह्यातील सर्वांत समृद्ध क्षेत्र मानता येईल. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) याच परिसरात आहे. भंडारदरा जलाशयाभोवतीचा रस्ता, रतनवाडीतील अमृतेश्वर मंदिराचा परिसर, रतनगडाची वाट आणि घाटघर येथे वनकडा, ओढा व मोकळी जागा एकत्र येतात. अशा सीमारेषेवर दाट जंगलापेक्षा अधिक जाती दिसतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून घोषित केलेले ब्लू मॉरमॉन (नीलवंत) या भागात पाहावे. त्याचे सुरवंट लिंबूवर्गीय कुळातील झाडांवर वाढतात. पंख मिटल्यावर वाळल्या पानासारखे दिसणारे ब्लू ओकलीफ हे कारवीच्या रानाशी निगडित आहे.

वळवाच्या सुमारास भंडारदऱ्याला काजवे पाहण्यासाठी मोठी गर्दी होते. फुलपाखरांचा बहर मात्र पावसानंतरचा असून त्या काळात येथे त्या मानाने शांतता असते.

पूर्व व दक्षिण भाग

कर्जत तालुक्यातील रेहेकुरी काळवीट अभयारण्य केवळ २.१७ चौ.कि.मी. आहे. गवत, बाभूळ व तरवड असलेल्या अशा माळरानांवर ब्लू पॅन्सी, यलो पॅन्सी, ग्रास यलो, पायोनियर व लहान निळ्या जाती आढळतात. जमिनीलगत उडणारे ग्रास ज्युवेल हे भारतातील सर्वांत लहान फुलपाखरांपैकी एक असल्याने ते पाहण्यासाठी खाली बसावे लागते.

नगर शहराजवळील डोंगरगण येथील झऱ्यांची दरी, त्यालगतचा मांजरसुंभा गड आणि पाथर्डी तालुक्यातील गर्भगिरी डोंगरातील वृद्धेश्वर ही कोरड्या प्रदेशातील ओलाव्याची ठिकाणे आहेत. हिवरे बाजारमध्ये चराईबंदी व कुऱ्हाडबंदीमुळे डोंगरउतारांवर गवत व झुडपे पुन्हा उभी राहिली. अशा राखीव गवताळ उतारांचे निरीक्षण नोंदींच्या दृष्टीने मोलाचे आहे.

हंगाम व वेळ

ऑगस्ट ते नोव्हेंबर हा सर्वोत्तम काळ होय. ऊन अंगावर आल्यानंतरची, साधारण सकाळी आठ ते अकराची वेळ सोयीची असते. ढगाळ दिवशी वा पाऊस पडत असताना फुलपाखरे क्वचितच उडतात.

शेती आणि फुलपाखरे

शेतकऱ्यांच्या दृष्टीने सर्वच फुलपाखरे निरुपद्रवी नाहीत. डाळिंब उत्पादकांना परिचित असलेली ‘सुरसा’ अळी ही अनार फुलपाखराचीच अळी होय. ती फळ पोखरून दाणे खाते व फळ सडते. संगमनेर-राहाता पट्ट्यातील डाळिंब व पेरूच्या बागांना तिचा उपद्रव होतो. श्रीगोंदा परिसरातील लिंबाच्या कोवळ्या रोपांची पाने लाइमचे सुरवंट फस्त करतात. यावरील सरसकट कीटकनाशक फवारणीने मात्र पिकाशी संबंध नसलेल्या जातीही मरतात. बांध पेटवणे व तणनाशकांचा वापर यांमुळे खाद्यवनस्पतीच नाहीशा होतात. फवारणी झालेल्या बागेत निरीक्षणासाठी जाऊ नये आणि खासगी शेतात मालकाच्या अनुमतीनेच प्रवेश करावा. अभयारण्यात फुलपाखरे, अंडी वा कोष गोळा करण्यास मनाई असून काही जातींना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. नोंदीसाठी छायाचित्रासोबत दिनांक, स्थळ आणि फुलपाखरू बसलेल्या वनस्पतीचे नाव टिपून ठेवणे पुरेसे असते.