पुण्याला भूत आहे, नागपूरला नाही

नागपूरकरांनी पुणेकरांचा हेवा करावा अशा गोष्टी तशा मोजक्याच (उन्हाळा सोडून द्या!). पण एक आहे. पुण्याकडे इतिहासातलं एक नामांकित भूत आहे आणि आपल्याकडे नाही.

शनिवारवाड्याची गोष्ट ठाऊक नाही असा मराठी माणूस सापडणं कठीण. अमावास्येच्या रात्री (काही जण म्हणतात पौर्णिमेच्या) वाड्यातून "काका, मला वाचवा" अशी आर्त हाक ऐकू येते. ऐकलेला माणूस मात्र नेहमी सांगणाऱ्याच्या मावसभावाचा मित्र असतो. भुताच्या गोष्टीचा हा नियमच आहे, प्रत्यक्ष साक्षीदार कायम दोन घरं पलीकडे राहतो.

आता मूळ घटना पाहू. ३० ऑगस्ट १७७३. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी, म्हणजे ना अमावास्या, ना पौर्णिमा. वेळ दुपारची. पगार थकल्याची ओरड करत गारदी वाड्यात घुसले. अठरा वर्षांचा नारायणराव पेशवा जीव घेऊन पळाला, तो थेट काकाच्या, म्हणजे रघुनाथरावाच्या दालनात, आणि त्याने काकाला मिठी मारली. सुमेरसिंग गारदी आणि तुळाजी पवार यांनी त्याला तिथेच संपवला. त्याच्या अंगावर आडवा पडलेला चाफाजी टिळेकर हा सेवकही कापला गेला. इच्छारामपंत ढेरे गेले, दासी गेल्या, एक गायसुद्धा मेली. पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी करून खुद्द रघुनाथरावाला दोषी ठरवलं. पत्रातल्या "धरावे"चं आनंदीबाईने "मारावे" केलं, ही "ध"चा "मा"ची गोष्ट तर आपल्या भाषेत वाक्प्रचार होऊन बसली.

म्हणजे दिवसाढवळ्या, भरल्या वाड्यात झालेला खून. मग भूत रात्रीच का ओरडतं? माझं उत्तर साधं आहे. दिवसा तिथे तिकीट काढून जाता येतं. पटांगणात पोरं धावतात, कारंज्याच्या चौथऱ्यापाशी लोक फोटो काढतात. रात्री दरवाजे बंद होतात. जिथे आपल्याला जाता येत नाही तिथेच भूत राहू शकतं. जगातल्या बहुतेक जुन्या राजवाड्यांची, किल्ल्यांची हीच तऱ्हा आहे. लंडनच्या टॉवरमध्ये शिरच्छेद झालेली ॲन बोलिन राणी दिसते म्हणतात, तीसुद्धा पर्यटक परत गेल्यावरच.

दुसरी गंमत अशी की त्या दिवशी वाड्यात इतकी माणसं मेली, पण ओरडतो एकटा नारायणराव. चाफाजी टिळेकर ओरडत नाही. त्या दासी ओरडत नाहीत, त्यांची नावंसुद्धा आपल्यातल्या कुणाला सांगता येणार नाहीत. आणि नारायणरावाचा मुलगा? बापाच्या खुनानंतर जन्मलेला सवाई माधवराव ऑक्टोबर १७९५ मध्ये याच वाड्याच्या सज्जावरून खाली पडला आणि दोन दिवसांत गेला. वय अवघं एकवीस. त्याने उडी मारली की तोल गेला यावर आजही वाद चालतो. भुताला लागतो तो सगळा मसाला तिथे आहे. पण सवाई माधवरावाचं भूत कुणी ऐकलेलं नाही.

कारण त्याला संवाद नाही! नारायणरावाला तीन शब्दांचा संवाद आहे, आणि त्या तीन शब्दांत सगळं नाट्य आहे: ज्याच्याकडे वाचवायला धावला तोच मारणारा. खाडिलकरांनी १९०९ मध्ये यावर 'भाऊबंदकी' लिहिलं, प्रभातने १९४४ मध्ये 'रामशास्त्री' काढला, शाळेच्या स्नेहसंमेलनांत तर किती नारायणराव मेले असतील त्याची गणती नाही. हाक वाड्याच्या भिंतीत राहिली की रंगमंचावर, हे आता वेगळं काढता येत नाही.

भिंतीही तशा फारशा उरलेल्या नाहीत म्हणा. १८१८ नंतर वाडा इंग्रजांकडे गेला. १८२५ च्या सुमारास तळमजल्यावर तुरुंग, वर दवाखाना आणि त्याच्या वर वेड्यांचं इस्पितळ अशी व्यवस्था होती. त्या काळात रात्री वाड्यावरून जाणाऱ्या पुणेकराला आतून किंकाळ्या ऐकू आल्या असतील तर त्यासाठी भुताची गरजच नव्हती. बंद केलेली, आजारी, जिवंत माणसं ओरडत होती. मग २७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला आग लागली आणि कित्येक दिवस तो जळत राहिला. उरले तट, दरवाजे, जोती. त्या दरवाज्यांतला एक नारायण दरवाजा, ज्यातून त्याचं प्रेत बाहेर काढलं म्हणतात.

इथपर्यंत सगळं पुण्याचं. आता आपल्या गावाकडे वळू.

नागपूरला 'अजब बंगला' आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला हे नाव ऐकवलं की त्याला वाटतं, हमखास काहीतरी झपाटलेलं प्रकरण! प्रत्यक्षात ते १८६३ मध्ये सुरू झालेलं आपलं मध्यवर्ती संग्रहालय. अजायबघरातलं 'अजायब' लोकांच्या तोंडी 'अजब' झालं. आत शस्त्रं, शिलालेख, मूर्ती, पेंढा भरलेले प्राणी. लहानपणी मला त्या प्राण्यांच्या काचेच्या डोळ्यांची भीती वाटायची, पण ते काही भूत नव्हे. वडाच्या झाडावरचे मुंजे, रस्ता चुकवणारा चकवा, विहिरीतली हडळ हे आपल्याकडेही भरपूर आहेत. पण ती बिननावाची, गावोगावची भुतं. नावानिशी, तारखेनिशी, इतिहासाच्या पुस्तकातून उठून आलेलं भूत आपल्याकडे नाही.

आणि याचं मला नवल वाटतं. कारण खून आपल्याकडेही झाला, तोही घरातल्यांनीच केलेला. एक नव्हे, दोन.

पहिला तर पुण्याच्या खुनाशीच जोडलेला आहे. १७७२ मध्ये जानोजी भोसले निपुत्रिक वारले. त्यांच्या गादीसाठी मुधोजी आणि साबाजी हे दोन भाऊ भांडू लागले. नारायणरावाने साबाजीची बाजू घेतली, रघुनाथरावाने मुधोजीची. नारायणरावाच्या खुनाच्या कटात ज्यांची नावं आली त्यांत नागपूरकरांचे पुण्यातले वकील व्यंकटराव काशी आणि लक्ष्मण काशी हेही होते. म्हणजे "काका मला वाचवा"ची एक दोरी आपल्या महालापर्यंत येते. पुढे जानेवारी १७७५ मध्ये पाचगावच्या लढाईत साबाजीने मुधोजीला जवळजवळ पकडलं होतं. शरण ये म्हणत तो मुधोजीच्या हत्तीपाशी आला आणि मुधोजीने जवळून गोळी घातली. स्वतःच्या भावाला. पाचगाव आपल्यापासून किती लांब? उमरेडच्या वाटेवर, तासाभराचं अंतर. त्या रस्त्याने जाताना मी कधी कुणाला साबाजीचं नाव काढताना ऐकलेलं नाही.

दुसरा खून जास्त गडद. मार्च १८१६ मध्ये दुसरे रघुजी गेले आणि त्यांचा मुलगा परसोजी गादीवर आला. तो शरीराने पंगू, दृष्टीने अधू, कारभार चालवण्याच्या स्थितीत नव्हता. त्याला सांभाळणारी होती बाकाबाई, रघुजींची लाडकी राणी, परसोजीची सावत्र आई. तिच्या हातातून कारभार ओढून घेतला तो परसोजीचा चुलतभाऊ आप्पासाहेब याने. त्याने मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला एका सकाळी परसोजी अंथरुणात मेलेला आढळला. आप्पासाहेब त्या वेळी चांद्याला होता. झोपेतच गेले, असं जाहीर झालं. गळा दाबून मारलं, अशी कुजबुज लगेच सुरू झाली. रेसिडेंट जेंकिन्सच्या कानावर ती गेली, पण नवा राजा इंग्रजांच्या सोयीचा होता. त्यामुळे कुजबुज कुजबुजच राहिली.

नोव्हेंबर १८१७ मध्ये तोच आप्पासाहेब इंग्रजांवर उलटला. २६ आणि २७ तारखेला सीताबर्डीची लढाई झाली आणि ती आपण हरलो. आणि मग काय आश्चर्य, परसोजीच्या खुनाचे पुरावे इंग्रजांना एकाएकी सापडले! १८१८ मध्ये आप्पासाहेबाला कैद करून उत्तरेला नेत असताना तो शिपायाच्या वेशात निसटला, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आधाराने लढला आणि वणवण करत शेवटी जोधपूरच्या आश्रयाला १८४० मध्ये वारला.

मला वाटतं, परसोजीचं भूत का नाही याचं उत्तर इथे आहे. पुण्यात मारणारा काका पुढे इंग्रजांना जाऊन मिळाला, १७७५ चा सुरतेचा तह केला, आणि कायमचा खलनायक झाला. त्यामुळे मेलेल्या पुतण्याला ओरडायची मुभा मिळाली. आपल्याकडे ज्याच्यावर खुनाचा आरोप तोच सीताबर्डीच्या टेकडीवर इंग्रजांशी लढला. तो आपला वीर झाला. मग परसोजीने ओरडायचं कुणाच्या नावाने? त्याची हाक ऐकू आली तर आपल्या वीराकडे नीट बघावं लागेल. शिवाय त्या खुनाचा गाजावाजा इंग्रजांनी स्वतःच्या फायद्यासाठी केला. तेव्हा तो खराच नसेल, असं म्हणून टाकणंही सोपं जातं. पण शत्रूच्या सोयीची असली म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही. आणि आप्पासाहेब शूरपणे परागंदा झाला म्हणून अंथरुणातला तो पंगू माणूस जिवंत होत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आयुष्यातल्या आहेत.

नागपूरने आठवण ठेवली ती वेगळ्याच पद्धतीने. आपल्याकडे भूत नाही, मारबत आहे. तान्ह्या पोळ्याला इतवारीतून काळ्या मारबतीची मिरवणूक निघते, पिवळीची भेट होते, बडगे असतात आणि शेवटी मारबतीचं दहन होतं. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून असं सांगतात. ही काळी मारबत म्हणजे इंग्रजांना मिळालेली बाकाबाई, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. बाकाबाईने १८१८ नंतर इंग्रजांच्या छायेत कारभार पाहिला हे खरंच. पण ज्या माणसाला ती सांभाळत होती तो अंथरुणात मारला गेला होता आणि संशयित गादीवर बसला होता, हे मारबतीच्या गोष्टीत कुठेच येत नाही. तिला आप्पासाहेबाच्या बाजूने उभं राहायला कुठलं कारण होतं? डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी वारले. त्यानंतर इंग्रजांनी १८५४ मध्ये राज्य खालसा केलं, वाड्यातले हत्ती-घोडे, जडजवाहीर लिलावात काढलं, तेव्हा याच म्हाताऱ्या बाईने विरोध केला होता. तेही मिरवणुकीत येत नाही.

म्हणजे पुण्यात मेलेल्याचा आवाज राहिला, नागपुरात एका बाईवरचा राग राहिला. परसोजीच्या वाट्याला दोन्हीतलं काही आलं नाही.

आणखी एक साधं कारण आहेच. भुताला घर लागतं. भोसल्यांचा जुना राजवाडा १८६४ मध्ये जळाला, नगारखाना तेवढा उरला. पुण्याला जळक्या वाड्याचा तट आणि दरवाजे उरले, त्यामुळे तिथे रात्री कुलूप लावता येतं. आपल्याकडे वस्तीचं नाव तेवढं 'महाल' राहिलं. त्या महालात रात्री उशिरापर्यंत दुकानं चालू, गाड्यांचे हॉर्न चालू. कुठलं भूत टिकेल हो तिथे?

२०२५ मध्ये राज्य शासनाने पहिल्या रघुजींची तलवार लंडनच्या लिलावातून विकत घेऊन परत आणली. सगळ्यांना आनंद झाला, मलाही झाला. तलवार परत येणं चांगलंच, पण तलवारीला सहसा विजयच आठवतात. हरलेल्यांची, घरातल्या घरात मारल्या गेलेल्यांची आठवण ठेवायचं काम आपल्या लोकांनी भुतांकडे सोपवलं आहे. आपल्या भाषेत झालेल्या काळाला भूतकाळ म्हणतात ते काही उगाच नाही.

भुतांवर माझा विश्वास नाही. पण शनिवारवाड्याच्या त्या हाकेने अडीचशे वर्षं एक काम केलं आहे: घरात खून झाला होता आणि करणारे घरचेच होते, हे पुण्याला विसरू दिलं नाही. परसोजीसाठी ते काम निदान आपण बोलून करावं, एवढंच वाटतं.

असो. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत ज्यांचं बालपण गेलं अशी बरीच मंडळी हे वाचत असतात, आणि आमच्याच घरातल्या दोन-तीन आत्या-काका तर नक्की. तुमच्या आजी-पणजीने परसोजीची किंवा बाकाबाईची काही गोष्ट सांगितली असेल, अगदी भुताची असली तरी, तर जरूर कळवा. मावसभावाच्या मित्राने ऐकलेली असली तरी चालेल!