शिटी ऐकून येणारा मासा

काचेच्या पेटीतला मासा सुखी असतो काय, हा प्रश्न बहुधा घरातील लहान मूलच विचारते आणि आपण मोठी माणसे तो हसण्यावारी नेतो. समुद्राकाठी वाढलेल्या आम्हां लोकांना तर तो अधिकच अवघड. टोपलीत तडफडणारी मासळी आम्ही जन्मापासून पाहिली. त्या तडफडीला वेदना म्हणावे, असे कधी मनातही आले नाही.

थोरामोठ्यांनी मात्र या प्रश्नावर विचार केलेला आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी मुक्या जिवांना बुद्धी नाकारली, पण भय, इच्छा हे विकार नाकारले नाहीत. १६३७ साली देकार्तने प्राण्यांची गणना यंत्रांत केली आणि पुढे पुष्कळांना ते मत सोयीचे वाटले.

विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीत रॉस्टॉक येथील कर्णरोगतज्ज्ञ ऑटो क्योर्नर मासे ठार बहिरे असल्याचे सांगत. एका गायिकेला त्यांनी माशांपुढे गावयास लावले, मासे ढिम्म! कार्ल फॉन फ्रिश यांना ते पटेना. गाण्याशी माशाला काय कर्तव्य? त्यांनी एक शिंगाळ्यासारखा छोटा मासा पाळला, नाव ठेवले क्सावेर्ल. (आपल्या झेवियरचेच हे बव्हेरियातील लाडके रूप!) तो मातीच्या नळीत दडून बसे. फ्रिश खाऊ देण्यापूर्वी दरवेळी शिटी वाजवीत. काही दिवसांत नुसत्या शिटीवर स्वारी बाहेर येऊ लागली. १९२३ मध्ये हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. परंतु माशाने खाऊ देणारा हात पाहिला, अशी शंका उरू नये म्हणून त्याचे डोळे आधीच काढलेले होते. त्याला ऐकू येते हे सिद्ध झाले. त्याला काय वाटले असेल, हे कोणी विचारले नाही.

१९३८ साली फ्रिश यांनाच आढळले, की एका माशाच्या कातडीला जखम झाली, तर पाण्यात उतरलेल्या द्रव्याने त्याचे सोबती भयभीत होतात. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल टोचले. त्यांचा श्वास जलद झाला, ते खड्यांवर ओठ घासू लागले. मॉर्फिन दिल्यावर हे प्रकार कमी झाले. वेदना जाणवण्याजोगा मेंदूचा थर माशांना नाहीच, हा जेम्स रोझ यांचा २००२ मधील आक्षेप. तो वाद मिटलेला नाही. आमचा कल स्नेडनबाईंकडे आहे.

आणि सुख? फ्रान्समधील संशोधकांचा २०१९ सालचा एक प्रयोग घरी पाळल्या जाणाऱ्या पट्टेदार सिक्लिड माशांवर आहे. एका रंगाच्या झाकणाच्या डबीत खाऊ, दुसऱ्या रंगाच्या डबीत काही नाही, हे माद्यांना शिकविले. मग मधल्याच रंगाची डबी ठेवली. जिच्या पसंतीचा नर दूर केला होता, ती मादी या डबीकडे जावयास वेळ लावू लागली. जणू आत काही नसणारच, अशी तिची खात्री. पसंतीचा जोडीदार जवळ असणाऱ्या माद्यांचे मात्र तसे झाले नाही.