बाघ नदीकांठचें बिरसोला व तेथील रेल्वे स्थानक

गोंदियाहून बालाघाटाकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बाघ नदीच्या अलीकडे, बिरसोला नांवाचें लहानसें गांव आहे. याच परिसरांत बाघ ही वैनगंगेस मिळते व संगमावरील घाट गांवाच्याच नांवानें ओळखला जातो. आज येथें महाराष्ट्राची हद्द संपून मध्यप्रदेशाची लागते. यावरून नदी ही पूर्वापार सीमाच असावी, असा समज सहज होतो. परंतु तो इतिहासास धरून नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

नागपूरकर भोसल्यांच्या अमलांत लांजी व कामठा हीं या मुलखाचीं मुख्य ठाणीं होतीं. आज पहिलें बालाघाट जिल्ह्यांत व दुसरें गोंदिया जिल्ह्यांत मोडतें. इ. स. १८१८ मध्यें कामठ्याचा जमीनदार चिमणा पाटील यानें बंड केलें. तें मोडल्यावर जमीनदारी लोधी घराण्याकडे गेली. नदीपलीकडील हट्टा ही जमीनदारीही पूर्वीं कामठ्याच्याच पोटांत होती. लांजीचा कारभार इ. स. १८२०-२१ च्या सुमारास भंडाऱ्यास आला. तिसरे रघूजी भोसले इ. स. १८५३ मध्यें निपुत्रिक वारले व पुढील सालीं राज्य खालसा झालें. तरी या व्यवस्थेंत दोन्ही तीर एकाच सूत्रांत राहिले. इ. स. १८६७ मध्यें मंडला, शिवनी व भंडारा यांचे भाग तोडून बालाघाट जिल्हा बनविण्यांत आला, तेव्हां हा मुलूख दोन जिल्ह्यांत विभागला गेला. तथापि दोन्ही जिल्हे नागपूर विभागांतच होते.

कागदावर जें तुटलें तें लोहमार्गानें पुन्हां जोडलें. नागपूर-छत्तीसगड मार्ग इ. स. १८८०-८२ मध्यें झाला. इ. स. १८८७ मध्यें स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीनें तो घेऊन रुंद केला. इ. स. १९०३ मध्यें गोंदियापासून नैनपूरपर्यंत अडीच फूट रुंदीचा मार्ग सुरू झाला व बाघेवरून गाडी जाऊं लागली. पावसाळ्यांत पूर आला म्हणजे उतार बंद पडावयाचा. तेथें आतां बारमाही वाट झाली. एकविसाव्या शतकांत हा मार्गही रुंद करण्यांत आला.

इ. स. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत भंडारा मुंबई राज्यांत गेला व बालाघाट मध्यप्रदेशांत राहिला. जिल्ह्यांची रेघ ती राज्यांची झाली आणि बिरसोला सीमेवरचें स्थानक ठरलें. ता. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला. पोवारी बोली मात्र आजही दोन्ही तीरांवर बोलली जाते. तिला ही रेघ ठाऊक नाहीं.

संग्राहकांनीं यांतून एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. नदीपलीकडील गांवांचे १८६७ पूर्वींचे कागद केवळ बालाघाटांत शोधून भागणार नाहीं. भंडारा व नागपूर येथील दप्तरेंही पाहिलीं पाहिजेत. उलट, अलीकडील पाटील व मालगुजार घराण्यांचे मोडी कागद पलीकडील आप्तांच्या घरीं असणें अशक्य नाहीं. आजची सीमा पाहून जो आपला शोध बाघेच्या कांठीं थांबवील, त्याच्या हातीं या मुलखाचा अर्धाच इतिहास येईल. आणि उरलेला अर्धा वाळवीच्या मुखीं जाण्यास फार काळ लागत नाहीं.